गावची मंडळी नेमकी कधी स्थापन झाली? जुन्या दप्तरातून साल काढण्याची रीत

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एखाद्या गावात मंडळीचा, म्हणजे गावच्या ख्रिस्ती उपासक-समाजाचा, शतकोत्सव करायचे ठरते आणि पहिल्याच बैठकीत वाद पेटतो. देवळाच्या (चर्चच्या इमारतीच्या) दगडावर एक साल, मिशनच्या अहवालात दुसरे, ट्रस्टच्या कागदावर तिसरे आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी चौथे. यात बहुधा कोणीच खोटे बोलत नसते. प्रत्येक जण वेगळ्या घटनेचे साल सांगत असतो. गावातला पहिला बाप्तिस्मा, मिशनची शाळा, मंडळीची रीतसर स्थापना, पहिल्या पाळकाची (पाद्रीची) दीक्षा आणि देवळाचे अर्पण (उपासनेसाठी विधिपूर्वक खुले करणे) या पाच गोष्टी क्वचितच एका वर्षात घडल्या. पहिलीपासून पाचवीपर्यंत चाळीस-पन्नास वर्षेही जाऊ शकतात. तेव्हा 'खरे साल कोणते' हे भांडत बसण्याआधी 'कशाचे साल' हे ठरवावे लागते.

त्यासाठी ग्रामीण मंडळी कशी उभी राहत असे ते आधी पाहू. इथे मुख्यतः नगरकडची अमेरिकन मराठी मिशनची पद्धत घेतली आहे, कारण तिच्याच सालांत सर्वात जास्त गोंधळ होतो.

ही मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. नगरला ठाणे पडायला डिसेंबर १८३१ उजाडला आणि १८३३ मध्ये नगर शहरात मंडळी स्थापन झाली. पुढे बराच काळ खेड्यांचा कारभार शहरातूनच चाले. मिशनरी हिवाळ्यात तंबू घेऊन दौऱ्यावर निघत, चावडीपुढे किंवा महारवाड्यात बोलत आणि उन्हाळा लागायच्या आत परत फिरत. मग १८५४-५५ मध्ये बोस्टनहून बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीसाठी हिंदुस्थानात आले. त्यांचा आग्रह साधा होता: गावोगावी छोट्या मंडळ्या करा, त्यांच्यावर इथलाच पाळक नेमा, आणि कारभार, खर्च व प्रसार या तिन्ही गोष्टी मंडळीनेच हळूहळू अंगावर घ्याव्यात. १८५४ मध्येच हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना नगरमध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. मिशनरी शहर सोडून तालुक्यांत राहायला गेले. नेवासे-राहुरी पट्ट्यातल्या जुन्या मंडळ्यांची साले १८५५ नंतर एकदम दाटीने दिसू लागतात ती या धोरणामुळे. लोकांच्या श्रद्धेला त्याच वर्षी अचानक भरती आली असे समजायचे कारण नाही. माणसे आधीपासून होती. त्यांची वेगळी मंडळी मांडण्याची परवानगी आणि पद्धत तेव्हा आली.

खेड्यातला क्रम साधारण असा असे. एखाद्या माणसाचा सोयरा दुसऱ्या गावी ख्रिस्ती झालेला असे. त्याच्याकडून किंवा बाजारच्या दिवशी ऐकून काही घरे चौकशी करू लागत. लोक बहुधा पहिली मागणी मास्तरांची करीत: आमच्या पोरांना शाळा द्या. मिशन शिक्षक पाठवी, तोच संध्याकाळी भजन घेई आणि रविवारी उपासना चालवी. मास्तरांची बायको शिकलेली असेल तर बायकांमध्ये तिचेच काम जास्त होई, पण दप्तरात तिचे नाव क्वचित सापडते. चौकशी करणाऱ्यांची यादी ठेवली जाई, त्यांची परीक्षा होई, काहींना महिनोन्‌महिने थांबवले जाई, आणि मग बाप्तिस्मा. हा बाप्तिस्मा पुष्कळदा गावात होतच नसे. माणसे नगरला, वडाळ्याला किंवा जिथे मिशनरी असेल त्या ठाण्यावर जात. त्यामुळे तुमच्या गावचे पहिले ख्रिस्ती दुसऱ्याच मंडळीच्या नोंदवहीत असतात. गावच्या वहीत ते शोधून सापडले नाहीत म्हणून आजोबांची गोष्ट खोटी ठरवणारे बरेच भेटतात.

गावात किंवा आसपासच्या चार-सहा गावांत मिळून पुरेसे सभासद झाले की मूळ मंडळी त्यांना पत्र देऊन मोकळे करी. ठरल्या दिवशी सभा भरे, विश्वासाची कलमे आणि करार मोठ्याने वाचला जाई, सभासद उभे राहून तो मान्य करीत, डीकन (मंडळीचे सेवक-कारभारी) निवडले जात आणि शेजारच्या मंडळ्यांचे प्रतिनिधी त्यांना मंडळी म्हणून मान्यता देत. अमेरिकन मिशनच्या पद्धतीत स्थापना म्हणजे हा दिवस. इमारत असो नसो, पाळक असो नसो. मंडळीला नाव मोठ्या गावाचे मिळे आणि माणसे मात्र विखुरलेली. पुढे त्यातल्या एखाद्या वाडीची वेगळी मंडळी झाली की दोन्ही गावे एकच स्थापनेचे साल सांगू लागतात, आणि दोघांनाही त्यात गैर वाटत नाही.

दुसऱ्या परंपरांत हिशेब वेगळा आहे. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) पद्धतीत सभासदांनी करार करून मंडळी 'मांडायची' नसते. ती बिशपच्या अखत्यारीत असते, म्हणून तिथे देवळाच्या अर्पणाची तारीख किंवा धर्मगुरूची नेमणूक धरतात. शिवाय बाप्तिस्म्यानंतर बिशपकडून दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करण्याचा विधी) होईपर्यंत माणूस प्रभुभोजनाला (भाकर व द्राक्षरसाच्या विधीला) येत नाही, त्यामुळे दोन वेगळ्या नोंदवह्या असतात. कोल्हापूरकडे मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले. तिकडच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत 'वडील' (मंडळीचे ज्येष्ठ कारभारी) निवडून प्रेस्बिटरीने (त्या भागातल्या मंडळ्यांच्या वरच्या सभेने) मान्यता दिल्याची तारीख महत्त्वाची. कॅथलिकांमध्ये आधी एखाद्या मोठ्या केंद्राखालचे उपकेंद्र असते आणि नंतर बिशप स्वतंत्र धर्मग्राम (पॅरिश) घोषित करतात. स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) सुरुवातीच्या नोंदी त्या जुन्या केंद्रात शोधाव्या लागतात. मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) तर बाप्तिस्मा हा विधीच नाही. तिथे 'सैनिकांची', म्हणजे रीतसर सभासदांची, यादी असते. मुक्तिफौजेच्या गावात बाप्तिस्म्याची वही शोधणाऱ्याचे दोन दिवस फुकट गेलेच म्हणून समजा.

आणखी एक वाट म्हणजे वसाहत. नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने १८५४ मध्ये शरणपूर वसवले. जालन्याजवळ मिशनरी नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर बेथेल उभे केले. अशा ठिकाणी मंडळीच्या आधी जमीन येते, म्हणून सुरुवात महसुली कागदात असते. मराठवाड्यातले जुने कागद फसली सनात (जुन्या महसुली वर्षगणनेत) असतात. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो आणि वर्षाच्या काही महिन्यांत ५९१ मिळवावे लागतात. शके असेल तर ७८, आणि जानेवारी ते गुढीपाडव्याच्या दरम्यान ७९.

आता प्रत्यक्ष काम. नेहमी आजपासून मागे जावे. एकदम १८५० ला उडी मारली की मधली साखळी तुटते.

सुरुवात देवळापासून करा. कोनशिला, संगमरवरी पाट्या, घंटा, प्रभुभोजनाचे पेले, व्यासपीठावरच्या मोठ्या बायबलचे कोरे पान, यांवरचा मजकूर आहे तसा, चुकांसकट उतरवून घ्या. यातले प्रत्येक साल संशयाने पाहा. कोनशिला बांधकामाचा आरंभ सांगते आणि अर्पण पुढे काही वर्षांनी झालेले असू शकते. घंटेवर ओतकामाचे साल असते, आणि घंटा पुष्कळदा दुसऱ्या ठिकाणी वापरून मग गावाला मिळालेली असते. बायबलावर देणाऱ्याचे नाव व तारीख असते, ती भेटीची. आणि सध्याचे दगडी देऊळ हे पहिले देऊळ असेलच असे नाही. त्याआधी मातीच्या भिंतींची, धाब्याची खोली असे. तीच शाळा, तेच देऊळ.

मग नोंदवह्या. पाळकांची लेखी परवानगी घ्या आणि वही त्यांच्यासमोरच पाहा. बाप्तिस्म्याच्या वहीत साधारणपणे अनुक्रमांक, बाप्तिस्म्याची तारीख, जन्मतारीख किंवा अंदाजे वय, नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण, धंदा आणि विधी करणाऱ्याची सही असे रकाने असतात. सर्वात जुनी वही हातात आली की पहिले पान नीट तपासा. क्रमांक एकपासून सुरू होतो का? पहिलीच नोंद ४७ क्रमांकाची असेल तर आधी दुसरी वही होती. पहिली पाच-सात पाने एकाच हाताची, एकाच शाईची, तारखा मात्र दहा-वीस वर्षांच्या आणि सहीच्या जागी वेगवेगळी नावे त्याच अक्षरात, असे दिसले तर ती नक्कल आहे. नक्कल वाईट नसते. पण नकलाकाराने जी नावे त्या वेळी गावात राहत होती तेवढीच उतरवलेली असू शकतात. मेलेले आणि स्थलांतरित झालेले गळतात, आणि मंडळी होती त्यापेक्षा लहान भासते.

विवाहाची वही जास्त भरवशाची. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने ती ठेवणे बंधनकारक केले आणि नोंदींच्या प्रती सरकारी निबंधकाकडे पाठवाव्या लागत. त्यामुळे गावची वही वाळवीने खाल्ली तरी प्रत दुसरीकडे असण्याची शक्यता राहते. शिवाय त्यात बापाचे नाव, वय, गाव आणि साक्षीदार असतात. साक्षीदारांची नावे एका कागदावर काढत गेलात की त्या वर्षी मंडळीत पुढारपण कोणाकडे होते ते आपोआप दिसते.

सभासदांची यादी वाचताना 'पत्राने आला' आणि 'बाप्तिस्म्याने आला' हा फरक सोडू नका. पत्राने आलेला माणूस कुठून आला तो रकाना म्हणजे मूळ मंडळीचा पत्ता. पहिल्या दहा-पंधरा सभासदांपैकी बहुतेक एकाच ठिकाणाहून पत्राने आले असतील, तर त्यांची पत्रे ज्या दिवशी स्वीकारली तोच स्थापनेचा दिवस असण्याचा संभव मोठा. पुढची वारी त्या मूळ मंडळीकडे.

गावाबाहेरचे कागद तीन-चार ठिकाणी आहेत. अमेरिकन बोर्डाची पत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात, चर्च मिशनरी सोसायटीची बर्मिंगहॅम विद्यापीठात, तर एस.पी.जी. या अँग्लिकन संस्थेची ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. परदेशी जायची गरज लगेच पडत नाही, कारण 'मिशनरी हेरल्ड' मासिकाचे जुने खंड इंटरनेटवर वाचता येतात. त्यात नगर मिशनची पत्रे आणि वर्षाअखेरचे तक्ते छापलेले आहेत. गावाचे नाव शोधताना रोमन स्पेलिंग चार-पाच प्रकारे टाकून पाहा. 'व' साठी कधी डब्ल्यू तर कधी व्ही, शेवटचा 'ए' कधी असतो कधी नसतो. मराठीत 'ज्ञानोदय' आहे. १८४२ मध्ये ते नगरलाच सुरू झाले आणि बाप्तिस्मे, दीक्षा, नव्या देवळांची बातमी त्यात दोन-चार ओळींत येई. अशा ओळी रुक्ष असतात, पण नंतर लिहिलेल्या गौरवग्रंथापेक्षा त्यांच्यावर भरवसा ठेवावा.

मासिकातले साल घेताना एक सापळा आहे. पत्र इथून जहाजाने जाई, तिकडे छापले जाई, आणि यात महिने लोटत. डिसेंबरात झालेली स्थापना पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यातल्या अंकात दिसते. अंकाची तारीख न धरता पत्राच्या माथ्यावरची तारीख धरा. दुसरा सापळा सुराचा. ही पत्रे देणगीदारांसाठी छापली जात. 'अख्खे गाव उत्सुक आहे' असे वाक्य आले की त्याच वर्षीचा तक्ता उघडून सभासद किती होते ते बघावे.

तक्त्यातले आकडे समजून घ्यायलाही थोडी सवय लागते. अमेरिकन मिशनच्या हिशेबात 'सभासद' म्हणजे प्रभुभोजनाला येणारी प्रौढ माणसे. बाप्तिस्मा झालेली मुले वेगळी, आणि बाप्तिस्मा न घेता उपासनेला येणारे आणखी वेगळे. अँग्लिकन तक्त्यात बाप्तिस्मा झालेले सगळे एकत्र. एकाच गावात एक अहवाल ४० म्हणतो आणि दुसरा १३०, तेव्हा मधल्या काळात मोठी वाढ झाली असा निष्कर्ष काढण्याआधी रकान्याचे शीर्षक वाचा. नगर जिल्ह्यात दोन मिशनांची कार्यक्षेत्रे एकमेकांत मिसळत, एकीकडची घरे दुसरीकडे जात, त्यामुळे तीच माणसे दोन्ही तक्त्यांत मोजली गेल्याचेही होते.

दुष्काळाची वर्षे वेगळी पाहावीत. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर सभासदसंख्या झपाट्याने वाढली. पोटासाठी लोक आले असा आरोप तेव्हाही होई आणि मिशनऱ्यांनाही ती धास्ती होती, म्हणून काही ठिकाणी बाप्तिस्मे मुद्दाम लांबवले गेले. त्यामुळे गावकरी ज्याला 'दुष्काळात ख्रिस्ती झालो' म्हणतात त्याची नोंद दुष्काळ संपल्यावर दोन-तीन वर्षांनी सापडते. शिवाय 'मोठा दुष्काळ' कोणता हेही विचारावे लागते: १८७६-७८ चा, १८९६-९७ चा, की १८९९-१९०० चा. सांगणाऱ्याला उलट विचारा, तेव्हा प्लेग येऊन गेला होता का? मुंबईत प्लेग १८९६ मध्ये आला. इन्फ्लुएन्झाची साथ १९१८ ची. अशा खुणांनी तोंडी आठवण दोन-चार वर्षांच्या आत आणून बसवता येते.

नावांचा गुंता हमखास होतो. अमेरिकन मिशनमध्ये बाप्तिस्म्यानंतरही जुनी नावे बहुधा तशीच राहत. कॅथलिकांमध्ये संताचे नाव मिळे आणि घरी जुनेच चाले. जुन्या नोंदींत आडनाव नसते, फक्त नाव आणि बापाचे नाव. आडनाव पुढे मुलांच्या शाळेच्या दाखल्यात येते, आणि दोन भावांच्या शाखांत वेगवेगळेही येते. म्हणून 'आमच्या आडनावाचा वहीत कोणीच नाही' ही तक्रार ऐकली की नाव, बापाचे नाव, आईचे नाव आणि गाव अशा चार खुणा जुळवाव्यात. तीन जुळल्या तर धरावे. दोनवर धरू नये. वयावर तर कधीच विसंबू नका, कारण ती ३०, ४०, ५० अशी गोल करून लिहिलेली असतात.

विसाव्या शतकात मंडळीचे नाव निदान दोनदा बदलले असण्याची शक्यता आहे. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल (अमेरिकन मिशनच्या परंपरेतल्या) मंडळ्या मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च-संघटनांच्या ऐक्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. प्रत्येक वेळी नवे शिक्के, नवी लेटरहेडे, नव्या वह्या. 'आमची मंडळी १९७० ची' असे सांगणारे तरुण त्या वहीचे पहिले पान पाहून बोलत असतात.

ट्रस्टच्या कागदाचेही तसेच. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा, त्यामुळे धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी त्यानंतरची असणारच. तिला स्थापनेचे साल मानणे चूक आहे. पण तो कागद मिळवा जरूर. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा आणि नोंदणीचा मूळ अर्ज या दोन्हींच्या नकला मागा. अर्जात ट्रस्टचा उगम, स्थावर मालमत्ता आणि विश्वस्तांची नावे भरलेली असतात, आणि तेव्हाच्या म्हाताऱ्यांनी उगमाच्या रकान्यात सांगितलेले साल आजच्या आठवणीपेक्षा सत्तर वर्षे जुने आहे. जमिनीसाठी सातबारा घेऊन फेरफारांची साखळी मागे मागे काढत जा. गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा मिळकत पत्रिका. मालक म्हणून गावच्या मंडळीचे नाव न येता एखाद्या मिशनचे किंवा ट्रस्ट असोसिएशनचे नाव येणे नेहमीचे आहे.

हे कागद फक्त उत्सवापुरते नसतात. गुजरातमधल्या फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरेनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की, ऐक्याचा ठराव केला म्हणून जुन्या ट्रस्टची मालमत्ता आपोआप नव्या संस्थेकडे जात नाही, त्यासाठी विश्वस्त कायद्याची रीत पाळावी लागते. म्हणून स्मरणिकेत 'ही जागा आमच्या मंडळीची' असे छापण्याआधी उताऱ्यावर कोण आहे ते पाहिलेले बरे.

वह्यांचे फोटो घेताना खिडकीच्या बाजूचा तिरपा उजेड वापरा, फ्लॅश नको. आधी कव्हर, मग प्रत्येक पान कोऱ्यासकट, क्रमाने. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, कारण पुढे ते काढता येत नाही. वही सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच ठेवा.

हयात लोकांची माहिती मात्र छापू नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंपुरता, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही मिळाला. ख्रिस्ती त्यात नाहीत. त्यामुळे अनेक घरांत वहीतली ओळख आणि दाखल्यावरची ओळख वेगळी आहे, आणि १९५० नंतरच्या वह्या पातळ दिसण्याचे हेही एक कारण आहे. कोणाच्या तरी आजीची नोंद स्मरणिकेत टाकून नातवाला अडचणीत आणण्याचा अधिकार समितीला नाही. साधा नियम ठेवा: शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी नावानिशी, अलीकडच्या फक्त आकड्यांत, आणि घरच्यांनी लेखी होकार दिला तरच नाव.

शेवटी पाटीवर काय लिहायचे? एकच साल हवे असेल तर आपल्या परंपरेत जी घटना स्थापना मानली जाते तिचे घ्या आणि घटना शब्दांत लिहा: 'मंडळीची स्थापना', 'देवळाचे अर्पण', 'पहिला ज्ञात बाप्तिस्मा'. दिवस सापडला नसेल तर महिना, महिना नसेल तर साल, सालाची खात्री नसेल तर 'या सालापूर्वी' असे लिहावे. जुन्या अहवालात मंडळीचा पहिला उल्लेख १८५९ चा मिळाला तर '१८५९ पूर्वी' हे बरोबर आहे, '१८५९' नाही. स्मरणिकेत पाचही घटनांची साले एका पानावर द्या, प्रत्येकासमोर ते कोणत्या वहीत, कितव्या पानावर सापडले ते लिहा, आणि फोटोंचा एक संच पाळकांकडे, दुसरा धर्मप्रांताच्या कार्यालयात, तिसरा गावाबाहेर राहणाऱ्या एखाद्या सभासदाकडे द्या.